गट नंबर धरून चाला: विहीणबाईंचे पणजोबा जुन्या वृत्तपत्रांत कसे सापडले

मी सातारा जिल्ह्यात तलाठी म्हणून लागलो आणि मंडल अधिकारी म्हणून निवृत्त झालो. मधली तेहतीस वर्षं सातबारे, फेरफार, वारसनोंदी आणि बांधावरची भांडणं यांत गेली. नात झाली म्हणून मुलीकडे अमेरिकेत, मिनेसोटा राज्यात गेलो, तो नेमका हिवाळ्यात. बाहेर उणे वीस, लेक-जावई कामावर, नात झोपलेली. अशाच एका दुपारी आमच्या विहीणबाईंनी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा माझ्यापुढे आणून ठेवला. आत एक नॉर्वेजियन बायबल, लाकडी घरासमोर उभ्या असलेल्या कुटुंबाचा फोटो आणि वृत्तपत्राची दोन कात्रणं. कात्रणांवर ना तारीख, ना पेपरचं नाव. सोबत घरात चालत आलेली कथा: पणजोबा नॉर्वेच्या व्हाल्द्रेस खोऱ्यातून आले, सरकारने त्यांना १६० एकर फुकट दिली, आणि पहिली पिकं टोळांनी खाल्ली.

विहीणबाई मला सरळ पहिल्या नावाने हाक मारतात. सुरुवातीला दचकायचो, आता सवय झाली. म्हणाल्या, "तुम्ही जमिनीच्या कचेरीत होतात ना? मग माझे पणजोबा शोधून द्या."

या कामात दोन हिवाळे गेले. हल्ली आपल्याकडे अशा सोयरिकी बऱ्याच होतात, आणि सहा महिने लेकीकडे किंवा मुलाकडे जाऊन बसणारे माझ्यासारखे रिकामे आजी-आजोबाही बरेच असतात. त्यांच्यासाठी हे लिहितो. कुटुंबाचं आडनाव देत नाही, पणजोबांना नुसतं ओले म्हणतो. खरोखरच त्यांचं नाव ओले होतं, आणि तीच तर पंचाईत होती. मिनेसोटात त्या काळी दगड मारला तर ओलेला लागायचा.

नावापासूनच सुरुवात करू. इथल्या अमेरिकन लोकांना नॉर्वेजियन नावं अवघड जातात, आपल्याला जाऊ नयेत. त्यांची पद्धत आपल्यासारखीच तिपदरी: स्वतःचं नाव, मग वडिलांचं नाव, मग शेताचं किंवा वाडीचं नाव. लार्सचा मुलगा ओले, राहणार बाक्केन, तर ओले लार्सेन बाक्केन. त्याची बहीण मात्र लार्सेन नव्हे, लार्सदात्तेर. ओलेच्या मुलाचं मधलं नाव ओल्सेन. म्हणजे बाप लार्सेन, मुलगा ओल्सेन, आणि यात घोटाळा काहीच नाही. तिसरं पद आपल्या 'कर'सारखं, पण एक फरक मोठा. आपला पुणेकर मुंबईला गेला तरी पुणेकरच राहतो. नॉर्वेचा माणूस दुसऱ्या शेतावर राहायला गेला की त्याचं शेवटचं पद बदलायचं. कायम आडनाव ठेवण्याची सक्ती नॉर्वेत १९२३ च्या कायद्याने आली. अमेरिकेत उतरल्यावर कुणी वडिलांचं नाव आडनाव केलं, कुणी शेताचं, आणि सख्ख्या भावांनी वेगवेगळी धरली अशीही उदाहरणं आहेत. त्यात सेनचं सन झालं, लार्सचा लुईस, कारीची कॅरी, गुरीची जुलिया.

म्हणून पहिल्या दिवशी एका कागदावर माणसाचे सगळे संभाव्य अवतार लिहून काढा. आमच्या ओलेचे अकरा निघाले. मुलांची नावंही लिहा. थोरल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव आणि दुसऱ्याला आईच्या बापाचं, अशी त्यांची रीत होती. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात तसंच. या रीतीमुळे दुसऱ्या मुलाच्या नावावरून आम्हाला पणजीच्या माहेरचा धागा मिळाला. एक मूल वारलं की पुढच्याला तेच नाव देत. त्यामुळे एकाच नावाच्या दोन जन्मनोंदी दिसल्या तर एक चुकीची समजून खोडू नका.

आता खरं काम. सगळे नावाने शोधतात आणि बुडतात. मी नोकरीत एक गोष्ट शिकलो: खातेदार मरतो, नाव बदलतो, मुंबईला जातो, पण गट नंबर जागचा हलत नाही. म्हणून आधी जमीन शोधा.

अमेरिकेचा होमस्टेड कायदा १८६२ चा. जमिनीवर दावा नोंदवायचा, पाच वर्षं तिथे राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची, आणि मग पुरावा देऊन पट्टा घ्यायचा. या पट्ट्यांच्या प्रती ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या जनरल लँड ऑफिस रेकॉर्ड्स या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. राज्य, काउंटी (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) आणि नाव टाका. काउंटी माहीत नसेल तर कब्रस्तानापासून सुरुवात करा. आम्हाला विहीणबाईंमुळे ऑटर टेल काउंटी ठाऊक होती. तिथल्या टाउनशिपची नावं वाचली तरी कळतं की वस्ती कुणाची होती: ट्रॉन्डहेम, टॉर्डनशोल्ड, सेंट ओलाफ, ऑस्टाड.

पट्ट्यावर जमिनीचं वर्णन असतं. ते वाचायला शिका, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. सरकारी मोजणीत सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद अशी एक टाउनशिप. तिचे एकेक मैलाचे ३६ सेक्शन. एका सेक्शनमध्ये ६४० एकर, त्याची चौथाई म्हणजे १६०. सेक्शनचे नंबर ईशान्य कोपऱ्यातून सुरू होतात, पश्चिमेकडे सहापर्यंत जातात, तिथे खाली उतरून सात ते बारा पूर्वेकडे येतात. शेताच्या टोकाला नांगर वळवावा तसे. ३६ नंबर आग्नेय कोपऱ्यात. मिनेसोटात १६ आणि ३६ हे सेक्शन शाळांसाठी राखीव. हा नकाशा पाहून मला खरं तर हेवा वाटला. माझ्या सज्जात दोन गुंठ्यांसाठी तीन पिढ्या कोर्टात जात होत्या, आणि इथे पट्टीने आखून चौकोन वाटलेले.

अर्थात वाटणाऱ्याची ती मुळात नव्हती. सवयीने मी विचारलंच, आधीचा खातेदार कोण? दक्षिण आणि पश्चिम मिनेसोटाचा मोठा भाग डाकोटा या मूळनिवासी लोकांकडून १८५१ च्या करारांनी घेतला गेला, आणि त्यांच्याशी झालेल्या १८६२ च्या युद्धानंतर अमेरिकन काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, पुढच्याच वर्षी कायदा करून त्यांना राज्याबाहेर घालवलं. त्या काळचे पेपर चाळताना त्यांच्याविषयी जे आणि ज्या भाषेत लिहिलेलं दिसतं, ते विहीणबाईंना वाचून दाखवणं मला जमलं नाही. त्यांनी स्वतःच वाचलं आणि चहा करायला उठल्या.

तर आमच्या ओलेचा पट्टा सापडला: सेक्शन १४, वायव्य चौथाईचा पश्चिम अर्धा. ८० एकर. घरच्या कथेत १६०. विहीणबाई नाराज झाल्या, पण कथा खोटी नव्हती. रेल्वे कंपन्यांना मार्गाच्या दोन्ही बाजूंचे विषम नंबरचे सेक्शन सरकारने दिले होते, आणि त्या टापूतल्या सम सेक्शनमध्ये साध्या होमस्टेडवाल्याला १८७९ पर्यंत ८० एकरच मिळत. त्या वर्षी कायदा बदलला आणि लगतची उरलेली ८० घेता येऊ लागली. ओलेचा दुसरा पट्टा पुढे सापडला, पूर्व अर्धा. बेरीज १६०. घरच्या गोष्टीत आकडा शिल्लक राहतो, त्याचं कारण गळून पडतं.

जमीन कळली की मग वृत्तपत्र. त्या भागात त्या वर्षी कोणते पेपर निघत होते हे लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या वृत्तपत्र-सूचीत काउंटीनुसार बघा. त्याच लायब्ररीच्या क्रॉनिकलिंग अमेरिका या संग्रहात जुने पेपर पानन् पान फुकट आहेत. मिनेसोटासाठी तिथल्या हिस्टॉरिकल सोसायटीचं डिजिटल न्यूजपेपर हब आहे, तेही फुकट. जे तिथे नसेल ते बऱ्याचदा मायक्रोफिल्मवर असतं. सेंट पॉलच्या हिस्ट्री सेंटरमधल्या गेल फॅमिली लायब्ररीत बसून बघता येतं. पैसे घेणारी संकेतस्थळंही आहेत. त्यातल्या एकाने फुकटचा आठवडा संपल्यावर जावयाच्या कार्डावरून वर्षाची वर्गणी परस्पर कापून घेतली. जावई काही बोलला नाही, पण मला रात्रभर झोप नव्हती. आधी फुकटचं संपवा.

शोधखिडकीत काय टाकायचं? नाव नव्हे. निदान एकटं नाव नव्हे. ही पानं यंत्राने वाचलेली असतात आणि यंत्र नॉर्वेजियन नावांत हमखास अडखळतं. त्यांच्या ओ अक्षरावरची तिरकी रेघ यंत्राला कधी शून्य वाटते, कधी सहा, कधी पी. आज ज्यावर छोटं वर्तुळ काढतात ते अक्षर तेव्हा दोन ए लावून लिहीत. त्यातून ओळ संपली की नाव मध्येच तुटतं. म्हणून टाउनशिपचं नाव आणि शेजाऱ्याचं नाव टाका, किंवा टपाल कार्यालयाचं नाव. वर्ष ठरलेलं ठेवा. काहीच लागलं नाही तर अंक उघडून डोळ्यांनी वाचा. त्यातही एक सोय आहे. खेड्यातले छोटे पेपर अर्धी पानं मोठ्या शहरातून तयार छापून आणत. त्यात युरोपातल्या बातम्या, कथा आणि औषधांच्या जाहिराती. गावात छापलेली पानं कोणती हे दोन अंकांत लक्षात येतं, तेवढीच वाचा. मी पहिले आठ दिवस रशियाचा झार आणि यकृताच्या गोळ्या वाचण्यात घालवले.

आणि आता ज्यासाठी एवढा खटाटोप, ती नोटीस. ३ मार्च १८७९ च्या कायद्याने ठरलं की पट्टा मागणाऱ्याने अंतिम पुरावा देण्याआधी जमिनीजवळच्या वृत्तपत्रात जाहीर सूचना छापायची. आपल्याकडे खरेदीखताआधी पेपरात 'तमाम लोकांस कळविण्यात येते की' अशी जाहीर नोटीस येते ना, तिचीच ही बहीण. १८७९ च्या आधी पट्टा झाला असेल तर ती शोधत बसू नका. नंतरचा असेल तर पट्ट्याच्या तारखेच्या साधारण दोन वर्षं आधीपासून अंक बघायला घ्या, कारण वॉशिंग्टनहून कागद यायला तेवढा वेळ सहज लागे.

आमची नोटीस १८८३ च्या एका अंकात चौथ्या पानावर, डावीकडून दुसऱ्या रकान्यात होती. अंगठ्याएवढी. आजूबाजूला तशाच सात नोटिसा, सगळ्या एकाच साच्याच्या. वर लँड ऑफिस, फर्गस फॉल्स, आणि तारीख. मग दावेदाराचं नाव, होमस्टेड नोंदीचा क्रमांक, सेक्शन १४ चं वर्णन. आणि खाली चार माणसांची नावं, जी साक्ष देतील की हा माणूस या जमिनीवर सलग राहतो आणि ती कसतो. मी लेकीला म्हटलं, "हे बघ, पंच." पंचनाम्यावर कुणाच्या सह्या असतात? लगतच्या माणसांच्या. चार नावं म्हणजे घराची चतुःसीमाच. ती चारही नावं वहीत उतरवून घ्या आणि प्रत्येकाचा पट्टा काढा. आमच्या चौघांपैकी दोघे सेक्शन १० आणि १५ मधले शेजारी, एक ओलेचा मेहुणा, आणि चौथा ज्या जहाजाने ओले आला त्याच जहाजाच्या यादीत होता. इतकी वर्षं विहीणबाईंकडे पणजीचं माहेरचं नाव नव्हतं. ते मेहुण्याच्या रूपाने चौथ्या पानावर छापलेलं होतं. ओलेच्या नोटिशीनंतर पुढचे चार महिने वाचले, तेव्हा ओले स्वतः दुसऱ्यांच्या नोटिशीत साक्षीदार म्हणून तीनदा आला. तुम्हीही उलट बाजूने बघायला विसरू नका.

पट्ट्यावरचा होमस्टेड प्रमाणपत्राचा क्रमांक मिळाला की वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्हजमधून त्या दाव्याची पूर्ण फाइल पैसे भरून मागवता येते. त्यात साक्षीदारांचे जबाब असतात: घर किती फूट बाय किती, किती एकर मोडली, कोणतं पीक, किती गुरं. आमच्या फाइलमध्ये चौदा बाय सोळा फुटांचं ओंडक्यांचं घर निघालं. त्यात सात माणसं राहत. फोटोतलं घर हे नव्हे, ते नंतरचं.

नोटीस हा सांगाडा झाला, मांस किरकोळ बातम्यांत आहे. प्रत्येक टाउनशिपचा एक बातमीदार असे, बहुतेक शाळामास्तर किंवा दुकानदार, आणि तो आठवड्याला अर्धा रकाना खबरा पाठवी. कोण कुणाकडे रविवारी जेवायला गेलं, कुणाची मळणी झाली, कुणाचा घोडा लंगडला. इतिहासाच्या पुस्तकात या ओळींना किंमत नाही, आपल्याला सोन्याची. काउंटी बोर्डाच्या सभेचं इतिवृत्त पेपरात छापून येई. त्यात रस्त्याच्या कामाचे, पुलाच्या फळ्यांचे, गोफर मारल्याच्या बक्षिसाचे पैसे कुणाला किती दिले ते नावानिशी असे. गोफर म्हणजे शेत पोखरणारा उंदरासारखा प्राणी. ओलेच्या थोरल्या मुलाने एका उन्हाळ्यात गोफरांवर दोन डॉलर चाळीस सेंट मिळवले होते. वय अकरा. विहीणबाईंनी या मुलाला पांढऱ्या दाढीतच पाहिलेलं, ते त्यांचे आजोबा.

मोकाट जनावरांच्या सूचना बघा. एखाद्याच्या शेतात परकं वासरू शिरलं तर तो पेपरात छापे की अमुक रंगाचं, कानावर अमुक खूण असलेलं जनावर माझ्याकडे आहे, खर्च देऊन घेऊन जा. आपला कोंडवाडाच, फक्त घरोघरी. जनावर कुणाच्या शेतात होतं त्यावरून सेक्शन कळतो. शेतसारा थकलेल्यांची यादी वर्षातून एकदा येते. लाज वाटण्यासारखी असली तरी तिच्यात सेक्शनसकट वर्णन असतं, म्हणून माझी ती लाडकी. शाळेच्या हजेरीत पहिल्या आलेल्या मुलांची नावं, लिलावाची जाहिरात, आणि मयतानंतर शेजाऱ्यांचे आभार मानणारी चार ओळींची चौकट, हेही चाळा.

टोळांचं काय झालं? मिनेसोटात टोळधाड १८७३ ते १८७७ अशी पाच वर्षं होती. २६ एप्रिल १८७७ हा दिवस गव्हर्नर पिल्सबरी यांनी टोळांपासून सुटका मिळावी म्हणून प्रार्थनेचा दिवस जाहीर केला होता. आणि आमच्या ओलेचा दावा नोंदला गेला १८७७ च्या शरदात. म्हणजे त्याची स्वतःची पिकं टोळांनी खाल्ली असणं अवघड. ती मेहुण्याची असावीत, तो चार वर्षं आधी आला होता. हे मी विहीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, टोळ राहू द्या. वहीत मी दोन्ही लिहून ठेवलं.

माझी सगळ्यात मोठी चूकही सांगतो. दुसऱ्या महिन्यात मला ओलेची एक झकास बातमी सापडली. परवान्याशिवाय दारू विकली म्हणून दंड! नाव जुळत होतं, टाउनशिप जुळत होती, वर्ष जुळत होतं. मी रात्री जेवताना सगळ्यांसमोर वाचून दाखवली. विहीणबाई कडक लुथरन, त्यांच्या माहेरी ख्रिसमसलाही दारू नसे. त्या दोन दिवस आमच्याकडे आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मी त्याच टाउनशिपचा थकबाकीचा तक्ता काढला आणि गार पडलो. त्याच नावाचा दुसरा ओले, सेक्शन २२ मध्ये. तीन आठवड्यांची माझी अर्धी टिपणं त्या दुसऱ्याची होती. स्वतः तलाठी असून मी गट नंबर न बघता नोंद घातली होती. तेव्हापासून नियम केला: ज्या बातमीत सेक्शन, शेजारी, बायको-मुलं किंवा टपाल कार्यालय यांपैकी एकही खूण नाही, ती पेन्सिलने लिहायची. दुसरी खूण मिळाल्यावरच शाई. दोन्ही ओलेंची वेगवेगळी पानं ठेवा, नको असलेल्याचंही. नको असलेला माहीत असेल तरच हवा असलेला वेगळा काढता येतो.

इंग्रजी पेपरांत बाया दिसत नाहीत. मिसेस ओले, बस्स. त्यांना शोधायला नॉर्वेजियन भाषेतले पेपर हवेत, आणि ते अमेरिकेत भरपूर होते. पहिला नूरलिसे, १८४७ चा, विस्कॉन्सिनमधला. पुढे शिकागोचा स्कँडिनाव्हेन १८६६ पासून, आयोवातल्या डेकोरा गावचा डेकोरा-पोस्टेन १८७४ पासून थेट १९७२ पर्यंत, मिनियापोलिस टिडेंडे, नॉर्थ डाकोटाचा नॉर्मान्देन, आणि आमच्या भागात फर्गस फॉल्स उगेब्लाद. यांत मृत्युलेख लांबलचक असतात: जन्म कोणत्या शेतावर, आई-बाप कोण, कोणत्या साली निघाली, आधी कुठल्या वस्तीत राहिली, मुलं किती, वारलेली किती. हरवलेल्या भावा-बहिणीचा पत्ता विचारणाऱ्या जाहिरातीही असत. त्या वाचताना हात थांबतो.

अडचण लिपीची. हे पेपर बराच काळ फ्राक्तूर नावाच्या गॉथिक वळणात छापत. त्यात लांबडा एस हुबेहूब एफसारखा, के आणि टी जुळे भाऊ, बी आणि व्हीचा गोंधळ. मोडी दप्तर पहिल्यांदा समोर आलं की होतं तसं होतं. उपायही तोच: वर्णमालेचा तक्ता शेजारी ठेवा आणि ज्यातला मजकूर आधीच माहीत आहे असं काहीतरी वाचा. मी महिन्यांच्या नावांपासून सुरुवात केली. दहा दिवसांत नजर बसते. यंत्राला मात्र अजून नीट बसलेली नाही, म्हणून इथे शोधखिडकीवर विसंबू नका.

भाषांतर यंत्राकडून करून घ्या, पण नात्यांचे शब्द स्वतः तपासा. आमच्या पणजीच्या मृत्युलेखाचं भाषांतर आलं की तिच्या मागे पाच गोठे आहेत. नॉर्वेजियनमध्ये बार्न म्हणजे मुलं. यंत्राने तेवढाच शब्द इंग्रजी समजून घेतला. एन्के म्हणजे विधवा, हुस्त्रू म्हणजे पत्नी. लग्न झालेला आणि विष, या दोन्हींना एकच शब्द आहे, यावर जावई अजून हसतो. इंग्रजीत आँट म्हटलं की संपलं, पण जुन्या नॉर्वेजियनमध्ये फास्टेर म्हणजे आत्या आणि मोस्टेर म्हणजे मावशी. आजीसुद्धा बापाकडची वेगळी आणि आईकडची वेगळी. आपल्याला हे एका क्षणात कळतं, अमेरिकन जावयाला समजावावं लागतं.

डब्यातलं एक कात्रण अशा पेपरातलं निघालं, लिपीवरून कळलं. तारीख कशी काढली? कात्रण उलटं केलं. मागे हरवलेल्या छत्रीची जाहिरात आणि गव्हाचा भाव होता. मागची बाजू कधीच फेकू नका, तारीख बहुधा तिथेच असते.

मृत्युलेखांसाठी आणखी एक ठिकाण सांगून ठेवतो. मिनेसोटातल्या नॉर्थफील्ड गावी सेंट ओलाफ कॉलेजात नॉर्वेजियन-अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशन आहे, १९२५ ची. तिथे रोबर्ग नावाच्या एका गृहस्थांनी आयुष्यभर कापून ठेवलेली मृत्युलेखांची कात्रणं आहेत, नावानुसार लावलेली. आपल्याकडे मुंबईत गावोगावच्या लोकांनी ग्रामस्थ मंडळं काढली तशी या लोकांनी खोऱ्या-खोऱ्यांची मंडळं काढली होती, त्यांना बिग्देलाग म्हणत. पहिला मेळावा व्हाल्द्रेसवाल्यांचा, १८९९ साली मिनियापोलिसला. तुमचं खोरं कळलं की त्याच्या बिग्देलागची प्रकाशनं विचारा.

वृत्तपत्र हे भोक बुजवायला असतं, पाया जनगणनेचा. अमेरिकेची १८९० ची जनगणना जळून गेली आहे, त्यामुळे १८८० नंतर एकदम १९००. मिनेसोटाने मात्र १८८५ आणि १८९५ ला स्वतःची मोजणी केली होती. या दोन टोकांमध्ये जे घडलं ते पेपरातच मिळेल. मृत्युलेखातल्या वयावर फार विश्वास ठेवू नका. शोकात असलेल्या माणसाला बापाचं जन्मसाल विचारलं की तो अंदाजे सांगतो, हे मी वारसनोंदी करताना शेकडो वेळा पाहिलं आहे.

गावाचं आणि शेताचं नाव मिळालं की नॉर्वे सोपा आहे. डिजिटालार्किव्हे हे त्यांच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं फुकट संकेतस्थळ. चर्चची पुस्तकं, जनगणना, आणि बंदरातून निघालेल्यांच्या पोलिसांनी ठेवलेल्या याद्या त्यावर आहेत. ख्रिस्तियानियाची, म्हणजे आजच्या ऑस्लोची, यादी १८६७ पासून. आणि १८६५ ची जनगणना पाहून तर मी खुर्चीतून उठलोच. प्रत्येक घरापुढे किती घोडे, किती गाई, किती मेंढ्या, आणि बार्ली, ओट, बटाटे किती पेरले, हे रकाने. ही तर पीकपाहणी! ओलेच्या बापापुढे लिहिलं होतं हुसमान. म्हणजे दुसऱ्याच्या शेतावर राबणूक करून खोपटं आणि तुकडा कसणारा. कूळ म्हणा. दोन गाई, सहा मेंढ्या, बटाटे. तो आकडा आणि सेक्शन १४ चे १६० एकर मी एका पानावर शेजारी-शेजारी लिहिले आणि पान जावयाला दिलं. त्याने ते फ्रिजवर लावलंय.

वही कशी ठेवायची ते थोडक्यात. प्रत्येक सापडलेल्या ओळीपुढे पेपरचं नाव, अंकाची तारीख, पान आणि रकाना. 'गेल्या मंगळवारी' असं बातमीत असेल तर कॅलेंडर काढून खरी तारीख लिहा. हिमवादळाच्या दिवसांत, उदाहरणार्थ १२ जानेवारी १८८८ चं ते भयंकर वादळ, रेल्वे आणि टपाल अडलेलं असे. तेव्हा पुढचे तीन-चार अंक तरी बघा, बातमी उशिरा येते. आणि जिथे काहीच सापडलं नाही तेही लिहून ठेवा, नाहीतर दोन महिन्यांनी तोच रीळ पुन्हा फिरवाल.

मे महिन्यात बर्फ गेल्यावर आम्ही स्थळपाहणीला गेलो. मी, विहीणबाई, लेक, जावई आणि गाडीत झोपलेली नात. सेक्शन १४ ला घर नाही, सगळं नांगरलेलं. वायव्य कोपऱ्यात लायलॅकचं एक रान माजलेलं झुडूप आणि शेजारी जमीन बशीसारखी खोल. तळघराचा खड्डा असावा. आताचे मालक ट्रॅक्टर थांबवून आले. त्यांना मी १८८३ ची नोटीस दाखवली. त्यांनी चष्मा लावून चार नावं वाचली आणि सेक्शन १५ च्या नावावर बोट ठेवून म्हणाले, "ते लोक अजून तिथेच आहेत."

एक नोंद मात्र अजून पेन्सिलमध्ये आहे. ओलेची दुसरी मुलगी १८८५ च्या मोजणीत आहे, वय सहा. १८९५ ला नाही. सोळाव्या वर्षी कुठे कामाला गेली, की त्याआधीच वारली? चर्चच्या पुस्तकातली ती वर्षं पाण्याने गेली आहेत. राहता राहिला उगेब्लाद, दहा वर्षांचा, फ्राक्तूरमध्ये, पानन् पान. या हिवाळ्यात विहीणबाईंनीही लिपीचा तक्ता घेतलाय. मंगळवार आणि गुरुवार दुपारी त्या येतात, डावीकडचे रकाने त्या वाचतात, उजवीकडचे मी. सध्या आम्ही मार्च १८८७ वर आहोत.